गाणं ओळखलं म्हणजे नेमकं काय केलं?

मागच्या दिवाळीत दारव्ह्याला गेलो होतो. आबाजी (माझे आजोबा) जाऊन आता दोन वर्षं होत आली. घर तसंच पडून आहे, आणि या वेळी माळ्यावरचं सामान आवरायचंच असं ठरलं होतं. आवरायचं म्हणजे काय, तर बाबा एकेक वस्तू हातात घेणार, "हे फेका" म्हणणार, आणि आई ती गुपचूप परत पिशवीत घालणार. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चौदा कॅसेट सापडल्या.

तेरांवर भजनं, कीर्तनं, भीमसेनअण्णा वगैरे नेहमीचीच मंडळी होती. चौदावीला कव्हर नव्हतं. आबाजींच्या अक्षरात निळ्या शाईनं एवढंच लिहिलेलं: 'सं. मे. ९०'. मी आपला अर्थ लावला, संगीत, मे महिना, १९९०. कॅसेट खिशात घातली आणि पुण्याला घेऊन आलो.

आता ही कॅसेट वाजवायची कशावर? एका मित्राच्या वडिलांकडे जुना टेपरेकॉर्डर निघाला. त्याचा पट्टा सैल, त्यामुळे सगळं अर्धा स्वर खाली आणि जरा डुलत डुलत वाजत होतं. टेपला थोडी बुरशीही होती. पेन घालून दोनदा पुढेमागे गुंडाळली, वायर लॅपटॉपला जोडली आणि ऑडॅसिटीत रेकॉर्ड करून घेतली.

आणि मग ते गाणं आलं.

पोरांचे आवाज. एक घोळका खाली एकच स्वर धरून बसलेला, सोडतच नाही. दुसरा घोळका त्याच्यावर सावकाश काहीतरी म्हणतोय, आधी संस्कृतसारखं, मग हिंदीसारखं. शब्द नीट लागत नव्हते. पाण्याबद्दल काहीतरी आहे, अंधाराबद्दल काहीतरी आहे, एवढंच कळत होतं. पण अंगावर काटा आला हे खरं. रात्री दीड वाजता मी ते सलग चार वेळा ऐकलं.

साहजिकच पहिली गोष्ट केली ती म्हणजे फोनमधलं गाणं ओळखणारं ॲप लावलं. सापडलं नाही. खरखर कमी केली, स्वर अर्धा चढवला, पुन्हा लावलं. नाही. गुणगुणून शोधण्याची सोय असते, तीही करून पाहिली. त्यानं मला कुठल्यातरी परदेशी गाण्याचं नाव सांगितलं. माझ्या गुणगुणण्याचा दोष असेल. :)

इथं थोडं तांत्रिक बोलतो, कारण पुढचा मुद्दा त्यावरच उभा आहे. ही ॲप्स गाणं 'ऐकत' नाहीत. २००३ साली एव्हरी वांग नावाच्या अभियंत्यानं एका निबंधात जी पद्धत मांडली, तिचं सूत्र साधारण असं आहे. आवाजाचा आलेख काढायचा, कुठल्या क्षणी कुठला स्वर किती जोरात आहे याचा. त्यातली फक्त उंच शिखरं ठेवायची, बाकी सगळं फेकून द्यायचं. उरतं ते आकाशातल्या चांदण्यांसारखं. मग दोन-दोन चांदण्यांच्या जोड्या लावायच्या, पहिलीचा स्वर, दुसरीचा स्वर आणि मधलं अंतर मिळून एक आकडा बनवायचा, आणि तो आकडा साठ्यातल्या आकड्यांशी जुळवायचा. गोंगाटातसुद्धा थोड्या जोड्या शिल्लक राहतात, म्हणून हॉटेलातल्या गडबडीतही गाणं सापडतं. कल्पना अफाट साधी आहे आणि मला ती फार आवडते.

पण या पद्धतीनं ओळखलं जातं ते एक ठराविक रेकॉर्डिंग. तेच गाणं तुम्ही-आम्ही घरी म्हटलं की चांदण्या सगळ्या हललेल्या असतात. दारव्ह्याच्या पोरांनी १९९० मध्ये म्हटलेलं गाणं कुठल्याच साठ्यात नाही, तेव्हा ते सापडणार तरी कसं? यंत्राची यात काही चूक नाही. मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

मग मी शब्दांच्या मागे लागलो. ऋग्वेद, पाणी, समूहगान असं शोधत गेलो आणि थेट इंग्लंडला पोचलो. गुस्ताव होल्स्ट नावाचा एक इंग्रज संगीतकार (१८७४–१९३४). याचं 'द प्लॅनेट्स' जगप्रसिद्ध आहे, पण त्याच्या आधी, १९०८ ते १९१२ या काळात, या माणसानं ऋग्वेदातल्या सूक्तांवर समूहगानं रचली होती, एक-दोन नाही, चार संच! त्यातला तिसरा संच बायकांचे आवाज आणि हार्प यांच्यासाठी आहे. त्यात उषेचं सूक्त आहे, पाण्याचं आहे, धुक्यातून वर येणाऱ्या वेनाचं आहे आणि वाटसरूंचंही आहे. त्यासाठी तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मेबल बोड यांच्याकडे थोडं संस्कृत शिकला आणि शब्दांची इंग्रजी रूपं स्वतः तयार केली. मेघदूतावरही त्यानं वाद्यवृंदासह मोठं समूहगान लिहिलं, 'द क्लाउड मेसेंजर'. ते १९१३ साली लंडनमध्ये झालं आणि पडलं. आपल्या रामटेकच्या डोंगरावरून निघालेला मेघ (म. म. मिराशींचं मत मानणारे आपण वैदर्भीय लोक तरी असंच म्हणणार) लंडनला जाऊन पडला, हे वाचून मला उगाच वाईट वाटलं.

आणखी एक गोष्ट लक्षात राहिली. होल्स्ट पोटासाठी शाळामास्तर होता. लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये तो १९०५ पासून मुलींना संगीत शिकवायचा, शेवटपर्यंत. आबाजीही मास्तर, जिल्हा परिषद शाळेतले. तर माझी खात्रीच पटली. आबाजींनी कुठूनतरी होल्स्ट ऐकला असणार, आकाशवाणीवर वगैरे, आणि पोरांकडून बसवून घेतला असणार! तीन शनिवार-रविवार मी होल्स्टचे चारही संच ऐकत बसलो. एकही चाल जुळेना. तरी मी हटेना.

शेवटी आत्याला फोन केला, तोही दुसऱ्याच कामासाठी. बोलता बोलता म्हटलं, एक गाणं ऐकवतो, आणि लॅपटॉप फोनजवळ धरला. पाच सेकंद झाली नसतील.

"अबे, हे तं भारत एक खोज हाय! आमच्या संमेलनातलं. मीच हावो नं त्यात, तिसऱ्या रांगेत!"

सं. मे. म्हणजे संमेलन. स्नेहसंमेलन. मे महिना नाहीच. तीन आठवडे, एक ॲप, एक लॅपटॉप, एक इंजिनीअरिंगची पदवी, आणि उत्तर पुसदला आत्याच्या स्वयंपाकघरात बसलेलं होतं. लाज वाटली, दुसरं काय.

'भारत एक खोज' माझ्या जन्माच्या आधीचं, म्हणून मला ते ओळखू आलं नाही. तुमच्यापैकी ज्यांनी १९८८-८९ मध्ये दूरदर्शन पाहिलंय त्यांना सांगायची गरज नाही. श्याम बेनेगल यांची ५३ भागांची मालिका, नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'वर आधारलेली. (ते पुस्तक नेहरूंनी १९४४ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं, म्हणजे तेही महाराष्ट्रातलंच म्हणायचं.) मालिकेच्या सुरुवातीला जे समूहगान यायचं ते ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त, आधी संस्कृत, मग हिंदी. हिंदी रूप वसंत देव यांचं. मराठी नाटकं हिंदीत नेणारे आणि 'उत्सव'ची (१९८४) गाणी लिहिणारे तेच हे. संगीत वनराज भाटियांचं. भाटिया मुंबईचे, शिकले लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पुढे पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे. नंतर काही वर्षं दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवलं. २०२१ च्या मे महिन्यात ते गेले.

गंमत म्हणजे माझा होल्स्टचा शोध अगदीच वाया गेला नाही. मालिकेच्या शेवटी जे गाणं यायचं ते हिरण्यगर्भ सूक्त. होल्स्टच्या पहिल्या संचात 'अज्ञात देवास' अशा नावाचं जे गाणं आहे, तेही हेच सूक्त. म्हणजे एकाच कवितेला साधारण ऐंशी वर्षांच्या अंतरानं दोन चाली लागल्या, एक लंडनच्या मास्तरची, एक मुंबईच्या भाटियांची. दोन्ही एकामागोमाग एक ऐकून बघा. होल्स्टच्या गाण्यात मला चर्च दिसतं. भाटियांच्या गाण्यात काय दिसतं ते सांगता येत नाही, पण ते आपल्या ओळखीचं आहे.

इथपर्यंत गोष्ट छान चालली होती. मग मी एक चूक केली. गाण्याचा चाळीस सेकंदांचा तुकडा काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, 'आबाजींच्या शाळेतली पोरं' एवढंच लिहून. दुसऱ्या दिवशी तो तुकडा मलाच दुसऱ्या ग्रुपवरून परत आला. खाली मजकूर: पाच हजार वर्षांपूर्वीची मूळ वैदिक चाल, आपल्या पूर्वजांनी जपलेली, अभिमान असेल तर पुढे पाठवा. हे काम आमच्याच एका काकांचं होतं. मी ग्रुपवर लिहिलं, की काका, ही चाल १९८८ सालची आहे आणि वनराज भाटियांची आहे. त्यावर उत्तर आलं, "तुम्हा पोरांना स्वतःच्या संस्कृतीचा अभिमानच नाही." मग दोन दिवस कोणी काही बोललं नाही, फक्त गुड मॉर्निंगची फुलं.

मला या भांडणावरच लिहायचं होतं, बाकी सगळी प्रस्तावना झाली. :)

काकांना अभिमान वाटतो याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. मलाही वाटतो. माझं म्हणणं एवढंच आहे की अभिमान कशाचा हे आधी ठरवू. सूक्त जुनं आहे, बहुतेक अभ्यासक ऋग्वेदाचा काळ इसवी सनापूर्वी १५०० ते १००० च्या आसपास धरतात. ते इतकी शतकं पाठांतरानं टिकलं, उदात्त, अनुदात्त, स्वरित अशा स्वरांसकट, ही गोष्ट खरोखर थक्क करणारी आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची युनेस्कोनं २००७ साली जागतिक स्मृतीच्या यादीत नोंद केली ती उगाच नाही. पण पठण वेगळं आणि ही चाल वेगळी. पठण तीन-चार स्वरांत फिरतं. एका घोळक्यानं खाली स्वर धरायचा आणि दुसऱ्यानं वर वेगळं काही म्हणायचं, अशी आवाजांची मांडणी त्यात नसते. भाटिया ती युरोपात शिकले आणि आपल्या शब्दांना त्यांनी ती अशी लावली की दारव्ह्याच्या मास्तरला आणि पोरांना ती आपलीच वाटली. यात कमीपणा कसला? उलट मला तर याचाच जास्त अभिमान वाटतो. 'पाच हजार वर्षं' म्हटलं की भाटिया पुसले जातात, वसंत देव पुसले जातात, आणि जी माणसं कालपरवापर्यंत आपल्यात होती त्यांचं काम कोणातरी बिननावाच्या पूर्वजाच्या खात्यात जमा होतं.

आणि सूक्त कुठलं, तर नासदीय! जे सुरुवातच करतं, की तेव्हा काही नव्हतं आणि काही नव्हतं असंही नव्हतं. मग विचारतं की खोल पाणी तरी होतं का. आणि शेवट असा, की हे सगळं कुठून आलं ते वर बसलेल्याला माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल. इतक्या मोकळेपणानं प्रश्न विचारणाऱ्या कवितेच्या खाली आपण 'पुढे पाठवा' लिहितो. असो.

दुसरा मुद्दा. आत्याला मी विचारलं, की तुम्ही शाळेत समूहगान म्हणून एरवी काय म्हणायचे? ती म्हणाली, "काय म्हणणार, पंधरा ऑगस्ट नं सव्वीस जानेवारीचं." माझ्याही शाळेत तेच होतं. आपल्याकडे अनेकांनी मिळून गायचं म्हणजे देशभक्तीचं किंवा आरती. त्या गाण्यांशी माझं वैर नाही, पण पाऊस, रान, नदी, पहाट यावर पोरांनी मिळून गावं असं आपल्याला का सुचत नाही? कविता नाहीत म्हणावं तर ढीग पडलाय. ऋग्वेदातच उषेवर वीसेक सूक्तं आहेत. पर्जन्याचं सूक्त आहे. अरण्यानीचं आहे, संध्याकाळी रानात एकट्याला कसले कसले आवाज ऐकू येतात त्याचं. टिपेश्वरच्या बाजूच्या गावांतल्या पोरांना ते समजावून सांगावं लागणार नाही. आपल्या गाथासप्तशतीत गोदाकाठ आहे, विंध्य आहे, शेतं आहेत, आणि तीही महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत.

पण माझी सगळ्यात आवडती कविता बेडकांची, सातव्या मंडलातली. वर्षभर गप्प पडलेले बेडूक पहिला पाऊस पडताच बोलायला लागतात. एक बोलला की दुसरा तेच म्हणतो, गुरुजींच्या मागे शिष्यानं म्हणावं तसं. आमच्या जिल्ह्यात याचा अर्थ लहान पोरगंही सांगेल. मृगात आभाळाकडे बघत बसायचं, कोणी धूळपेरणी करून टाकायची, पाऊस दडी मारतो, मग दुबार पेरणी, मग कर्ज. बेडूक ओरडले की घरातली माणसं एकमेकांकडे बघून हसतात. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोहचं पाणी तळाला गेलं होतं आणि यवतमाळात लोक रात्र रात्र टँकरची वाट बघत होते. त्या वर्षी पाऊस आला तेव्हा माझी मावशी अंगणात उभी राहून भिजली, पन्नाशीची बाई. अशा गावात पाण्याचं सूक्त हे धर्माचं पुस्तक कशाला, रोजची बातमी आहे. आणि बेडकांची कविता तर बांधणीनंच समूहगान आहे, एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागे. कोणीतरी चाल लावा हो! मराठीत करा, संस्कृतात करा, वऱ्हाडीत केलीत तर फारच उत्तम.

आता कॅसेटचं शेवटचं. मी पहिल्या रात्री फाइल कापली होती, गाणं संपलं तिथेच. पुढे नुसती खरखर आहे असं वाटलं. काकांशी वाद झाल्यावर, उगाच, पूर्ण टेप पुन्हा लावली. गाणं संपतं. टाळ्या. खुर्च्या सरकल्याचे आवाज. कोणीतरी माइक ठोकतं. मग आबाजी. अठ्ठेचाळीस वर्षांचे आबाजी, जे मी कधीच पाहिले नाहीत, अगदी खणखणीत आवाजात:

"शब्द वेदातले आहेत, चाल दूरदर्शनवरची आहे, चुका आमच्या आहेत. बसा खाली पोट्टेहो."

एवढंच. घरात त्यांचा दुसरा कुठलाही आवाज शिल्लक नाही. फोनवर कधी रेकॉर्ड करावा असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं, माझ्यासकट, आणि मी दिवसभर डेटाचा बॅकअप कसा घ्यावा हेच लोकांना सांगत असतो.

तो तुकडा ग्रुपवर टाकला. काकांनी बराच वेळ काही लिहिलं नाही. रात्री फोन आला. चालीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. "माझ्याकडं एखादी सीडी करून दे," म्हणाले, आणि आबाजी त्यांना शाळेत कसे मारायचे ते अर्धा तास सांगितलं. फॉरवर्ड काही त्यांनी मागे घेतला नाही. तो अजून फिरतोच आहे.

मी मात्र फाइलच्या माहितीचे रकाने नीट भरले. शब्द: ऋग्वेद, मंडल १०, सूक्त १२९. हिंदी: वसंत देव. संगीत: वनराज भाटिया. गाणं ओळखणं म्हणजे माझ्या मते इतकं तरी झालं पाहिजे: शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि म्हटलंय कोणी. तिसरा रकाना अजून अर्धवट आहे. आत्या फोन करकरून नावं गोळा करतेय. बावीस पोरं होती म्हणे, त्यातली चौदा सापडली. एकाचं दिग्रसला कृषी केंद्र आहे, एक एसटीत कंडक्टर आहे, एक नागपूरला नर्स. दोघे आता नाहीत. खालचा स्वर धरून बसलेल्या घोळक्यातला एक जण म्हणाला, की मास्तरांनी त्याला 'तुला गाता येत नाही, तू एकच स्वर धर' असं सांगितलं होतं, आणि तो आजही तो स्वर बरोबर लावून दाखवतो.

आठ नावं राहिलीत. सापडतील.